नोंदवहीतील स्त्री आणि नोंदवहीबाहेरचा पुरुष

१८३६ साली पॅरिसमध्ये एक दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विषय होता पॅरिस शहरातील वेश्याव्यवसाय. ग्रंथकार परां-द्युशातले हा पेशाने वैद्य. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी तो वारला. या विषयाकडे वळण्यापूर्वी पॅरिसच्या गटारांचा अभ्यासक म्हणून त्याने नाव मिळवले होते आणि एका विषयावरून दुसऱ्याकडे जाताना त्याला कसलीही विसंगती जाणवली नाही. मोठ्या शहरात गटारे जितकी अटळ तितक्याच वेश्याही अटळ. दोन्ही नाहीशा करता येत नाहीत, म्हणून शासनाने दोन्हींवर देखरेख ठेवावी आणि त्या सभ्य नागरिकांच्या दृष्टीआड राहतील अशी व्यवस्था करावी, असा त्याचा सिद्धान्त होता. पुढील पन्नास वर्षे युरोपातील बहुतेक राजधान्यांतील पोलीस अधिकारी या ग्रंथाचा आधार घेत राहिले.

परंतु ज्या ग्रंथाने शासकीय नियमनाला शास्त्राची प्रतिष्ठा दिली, त्याच ग्रंथात त्या नियमनाचा पाया उखडणारा पुरावा एका कोष्टकाच्या रूपाने पडून आहे. या व्यवसायात येण्याची कारणे सांगितलेल्या ५,१८३ स्त्रियांचा हिशेब ग्रंथकाराने मांडला आहे. त्यांपैकी १,४४१ स्त्रिया निव्वळ दारिद्र्यामुळे आल्या होत्या. आईबाप वारल्यामुळे किंवा त्यांनी घराबाहेर काढल्यामुळे आलेल्या १,२५५. ज्याच्याबरोबर विवाहाविना संसार केला त्या पुरुषाने सोडून दिलेल्या १,४२५. सैनिक, कारकून, विद्यार्थी इत्यादींनी पॅरिसला आणून टाकून दिलेल्या ४०४. धन्याने फूस लावून नंतर हाकलून दिलेल्या मोलकरणी २८९. उरलेल्या ३६९ मध्ये म्हाताऱ्या आईबापांना पोसणाऱ्या, धाकट्या भावंडांचा भार वाहणाऱ्या, मुले असलेल्या विधवा आणि परगावाहून आसरा शोधत आलेल्या मुली आहेत. आळस, नटण्याची हौस, वाईट संगत यांविषयी ग्रंथकाराने अन्यत्र पुष्कळ लिहिले आहे. पण आकड्यांच्या या कोष्टकात त्या दुर्गुणांना स्वतंत्र रकाना नाही. रकाने आहेत ते भुकेचे आणि पुरुषाने केलेल्या त्यागाचे.

एकोणिसाव्या शतकातील युरोपने या विषयावर जे कायदे केले, जी प्रवचने दिली आणि जे उसासे टाकले, त्या सर्वांची परीक्षा याच कोष्टकावर करावी लागते. त्या शतकाने स्त्रीची नोंद केली; पण तिला रस्त्यावर आणणाऱ्या पुरुषाची आणि तिला पोटापुरतेही न देणाऱ्या मजुरीची नोंद करण्याचे कटाक्षाने टाळले.

पाचवा चतुर्थांश

स्त्रीची मजुरी इतकी कमी का, या प्रश्नाचे उत्तर तत्कालीन अर्थशास्त्रज्ञांना ठाऊक होते. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ झां-बातीस्त से याने शतकाच्या प्रारंभीच हे सांगून ठेवले होते. ज्या स्त्रियांना बाप किंवा नवरा पोसतो त्या थोड्या पैशात काम पत्करतात. त्यांच्या स्पर्धेमुळे मजुरीचा दर इतका खाली येतो, की केवळ स्वतःच्या श्रमावर जगणाऱ्या एकट्या स्त्रीला त्यात जगता येत नाही. म्हणजे बाजाराने ठरवलेल्या स्त्रीच्या मजुरीत एक पुरुष गृहीत धरलेला होता. तो पुरुष मेला, पळाला किंवा बेकार झाला की उरलेली रक्कम कोठून आणायची, हे मात्र अर्थशास्त्राने सांगितले नाही.

ते रँस शहरातील गिरणी-कामगारांनी सांगितले. डॉक्टर विलेर्मे याने फ्रान्समधील वस्त्रोद्योगातील कामगारांची पाहणी करून १८४० मध्ये आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. एखादी मुलगी संध्याकाळी गिरणीतून सुटून रस्त्यावर उभी राहिली, की ती आपल्या दिवसाच्या कामाचा ‘पाचवा चतुर्थांश’ भरून काढते आहे, असे त्या शहरात म्हणत, हे त्याने नोंदवले आहे. दिवसाच्या कामाचे चतुर्थांश चारच असतात. पाचवा लागतो, कारण चारांच्या मजुरीत पोट भरत नाही. एखाद्या प्रबंधाने सांगावे ते या बोलीभाषेतल्या एका शब्दप्रयोगाने सांगितले आहे. गिरणीमालकाने न दिलेली मजुरी ती स्त्री रात्री रस्त्यावर वसूल करीत होती. कमी मजुरीवर चालणाऱ्या कारखान्याला हे एक प्रकारचे अनुदानच होते.

इंग्लंडमध्ये हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८४९ मध्ये लंडनमधील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. तयार कपड्यांच्या स्वस्त बाजारासाठी घरी बसून शिवणाऱ्या या स्त्रिया. दिवसभर आणि निम्मी रात्र शिवूनही दोरा आणि मेणबत्ती यांचा खर्च वजा जाता भाकरीपुरतेही हाती उरत नाही, आणि म्हणून आपल्यापैकी अनेकींना रस्त्यावर जावे लागते, हे त्यांनी न लपवता सांगितले. त्यांपैकी काही स्त्रिया सैनिकांचे गणवेश शिवीत होत्या. सरकार कमीत कमी दराची निविदा स्वीकारी, कंत्राटदार पोटकंत्राटदाराला काम देई आणि प्रत्येक पायरीवर कापली गेलेली रक्कम अखेर सुई धरणाऱ्या हातातून वजा होई. पुढे पंधरा वर्षांनी याच सरकारने सैनिकांच्या आरोग्याच्या नावाखाली अशाच स्त्रियांवर पोलीस सोडले. हा विरोधाभास लक्षात ठेवण्याजोगा आहे.

कायद्यानेही पुरुषाची सुटका आधीच करून ठेवली होती. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेने अनौरस मुलाच्या पित्याचा शोध घेण्यास मनाई केली. ही मनाई फ्रान्समध्ये १९१२ पर्यंत टिकली. इंग्लंडमध्ये १८३४ च्या नव्या दरिद्री कायद्याने अनौरस मुलाच्या पोषणाचा भार मुख्यतः आईवर टाकला. त्याने स्त्रिया अधिक नीतिमान होतील असा कायदेपंडितांचा युक्तिवाद होता. असंतोष इतका वाढला की १८४४ मध्ये त्या तरतुदीत दुरुस्ती करावी लागली. धन्याच्या घरी दिवस गेलेली मोलकरीण दुसऱ्या दिवशी नोकरीतून जाई. तिला चारित्र्याचा दाखला मिळत नसे आणि दाखल्यावाचून दुसरी नोकरी मिळत नसे. परां-द्युशातलेच्या कोष्टकातील २८९ हा आकडा असा तयार होतो.

ज्युली दोबिए या फ्रेंच शिक्षिकेने १८६६ साली एकोणिसाव्या शतकातील दरिद्री स्त्रीविषयी ग्रंथ लिहून या सर्व गोष्टी एका सूत्रात गुंफल्या. फ्रान्समध्ये विद्यापीठप्रवेशाची परीक्षा उत्तीर्ण होणारी ही पहिली स्त्री. तिने नीतीचा प्रश्न मजुरीच्या, शिक्षणाच्या आणि पितृत्वाच्या कायद्याच्या प्रश्नांपासून वेगळा काढण्यास नकार दिला. तिचा ग्रंथ पोलीस खात्याच्या कपाटात गेला नाही, हे सांगायला नको.

नीतीचे दोन तराजू

मध्यमवर्गीय समाजाने स्वतःची समजूत कशी घातली हेही पाहण्यासारखे आहे. पुरुषाने घर चालवण्याइतकी मिळकत झाल्यावाचून लग्न करू नये हा कुलीनतेचा नियम होता. त्यामुळे सुखवस्तू घरांतील मुलांची लग्ने उशिरा होत. पुरुषाची वासना नैसर्गिक आणि अनिवार मानली जाई. सभ्य स्त्रीला ती जवळजवळ नसतेच, असे लंडनचा डॉक्टर विल्यम ॲक्टन याने १८५७ मध्ये लिहून ठेवले. मग या अनिवार वासनेचा भार वाहणार कोण? उत्तर उघड होते : ज्यांना नकार देणे परवडत नाही त्या स्त्रिया. इतिहासकार लेकी याने १८६९ मध्ये ते जवळजवळ उघडपणे मांडले. वेश्या ही दुर्गुणाची मूर्ती खरी, पण तीच असंख्य कुलीन घरांच्या पावित्र्याची रक्षणकर्ती आहे, असा त्याचा आशय होता. एका वर्गाच्या मुलींचे पावित्र्य दुसऱ्या वर्गाच्या मुलींकडून वसूल करायचे, आणि वसुली झाल्यावर त्यांनाच पतित म्हणायचे, हा या नीतीचा ताळेबंद होता.

हाच दुहेरी तराजू १८५७ च्या इंग्लिश घटस्फोटाच्या कायद्यात दिसतो. पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पतीला पुरेसे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग किंवा तत्सम आणखी अपराध सिद्ध करावा लागे. हा भेद जाण्यास १९२३ साल उजाडावे लागले.

आकड्यांचीही हीच कथा. १८५७ च्या सुमारास लंडनच्या पोलिसांच्या लेखी शहरात साडेआठ हजारांच्या आसपास वेश्या होत्या. त्याच काळात धर्मोपदेशक आणि समाजसुधारक ८० हजारांचा आकडा सांगत. एवढी तफावत पडते ती गणनेतील चुकीमुळे नव्हे. कोणी पोलिसांना ठाऊक असलेल्या स्त्रियाच मोजत, तर कोणी विवाहाविना एकत्र राहणारी प्रत्येक कामकरी स्त्री मोजत. ॲक्टनने स्वतः मान्य केले होते की या स्त्रियांपैकी पुष्कळजणींच्या दृष्टीने ही एक तात्पुरती अवस्था असते. काही काळाने त्या काम शोधतात, लग्न करतात, सामान्य जीवनात मिसळून जातात. या स्त्रियांची वेगळी जात नव्हती. वेगळी जात निर्माण केली ती नोंदवहीने.

पोलिसांच्या हाती दिलेला कायदा

फ्रान्समध्ये हे सर्व संसदेने केलेल्या कायद्यावाचून, केवळ पोलीस अधिकाऱ्यांच्या हुकमाने चाले. स्त्रीचे नाव एकदा नोंदवहीत चढले की तिने परवानगी असलेल्या कुंटणखान्यात राहावे किंवा ओळखपत्र घेऊन धंदा करावा, ठरलेल्या मुदतीने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आणि नियम मोडल्यास न्यायाधीशासमोर उभे न करता तिला सँ-लाझार तुरुंगात डांबावे, अशी रीत होती. पोलीस एखादीचे नाव तिच्या संमतीशिवायही चढवू शकत. नाव चढवणे सोपे, उतरवणे महाकठीण. रशियात अशा स्त्रीचे नेहमीचे पारपत्र काढून घेऊन तिला पिवळे तिकीट देत. इटलीत १८६० साली काव्हूरच्या राजवटीने हीच पद्धत आणली.

इंग्लंडला आपल्या नागरी स्वातंत्र्याचा मोठा अभिमान. तरी तेथेही ही पद्धत मागील दाराने शिरली. लष्कराची अडचण खोटी नव्हती. १८६४ च्या सुमारास सैन्यातील आजारपणाच्या दर तीन प्रकरणांपैकी जवळपास एक गुप्तरोगाचे असे, आणि त्या काळी उपदंशावर खात्रीचा उपाय नव्हता. पण फार थोड्या सैनिकांना लग्नाची अधिकृत परवानगी देणारे लष्करच होते. सैनिकांची नियमित तपासणी त्यांच्या स्वाभिमानाला धक्का लावते म्हणून १८५९ मध्ये बंद करण्यात आली होती. स्त्रियांना स्वाभिमान असतो हे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. १८६४, १८६६ आणि १८६९ अशा तीन टप्प्यांत सांसर्गिक रोगांचे कायदे झाले. पहिला कायदा संसदेत फारशा चर्चेवाचून संमत झाला. छावण्यांच्या आणि बंदरांच्या अठरा ठिकाणी साध्या वेशातील पोलीस कोणत्याही स्त्रीला संशयावरून वेश्या ठरवू लागले. तिने तपासणीला नकार दिला तर कैद. रोग आढळला तर इस्पितळात अडकवून ठेवण्याची मुदत प्रथम तीन महिने, मग सहा, मग नऊ. तिच्याकडे येणारा पुरुष मोकळाच राहिला. ज्या साथीचे अर्धे वाहक तपासणीबाहेर आहेत ती साथ कशी आटोक्यात येणार, हा प्रश्न विचारण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.

हा प्रश्न जोसेफिन बटलर यांनी विचारला. बटलरबाई लिव्हरपूलमधील एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या पत्नी. १८६४ मध्ये त्यांची लहान मुलगी अपघातात गेली. त्यानंतर त्या शहरातील दरिद्री-आश्रमात जाऊ लागल्या. तेथे दोरखंडांचे तंतू सोडवीत जमिनीवर बसलेल्या स्त्रियांमध्ये त्या बसल्या आणि ज्यांना कोठेही थारा नव्हता अशा काहींना आपल्या घरी घेऊन आल्या. १८६९ अखेर त्यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १ जानेवारी १८७० रोजी ‘डेली न्यूज’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निषेधपत्रावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि हॅरिएट मार्टिनो यांच्याही सह्या होत्या. सभ्य घरातील स्त्रीने असा विषय जाहीर सभेत उच्चारावा, हाच त्या काळी मोठा अपराध होता. १८७० मध्ये कोल्चेस्टरच्या पोटनिवडणुकीत या कायद्यांचा पुरस्कर्ता सर हेन्री स्टोर्क्स सत्ताधारी पक्षाचा उमेदवार असूनही पराभूत झाला. १८७२ मध्ये पाँटिफ्रॅक्ट येथे बटलरबाईंची सभा उधळण्यासाठी सभास्थानाखाली गवत पेटवून देण्यात आले.

या लढ्याचे बळ केवळ उदारमतवादी दिवाणखान्यांत नव्हते. उत्तर इंग्लंडमधील कामगारांनी तो उचलून धरला, कारण पोलिसांचा हात कोणाच्या मुलींच्या खांद्यावर पडणार हे त्यांना ठाऊक होते. सरदाराच्या मुलीला कोणी पोलीस वाटेत अडवणार नव्हता. अडवले जाणार होते ते संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या शिवणकामकरी मुलीला. १८७५ मध्ये ऑल्डरशॉट येथे नाट्यगृहांत गाऊन पोट भरणाऱ्या श्रीमती पर्सी यांनी पोलिसांच्या छळाला कंटाळून कालव्यात जीव दिला, तेव्हा ही भीती किती खरी होती हे साऱ्या देशाला कळले.

१८७१ च्या शाही आयोगाने मात्र स्त्रीपुरुषांची तुलनाच होऊ शकत नाही असा निर्वाळा दिला होता : स्त्री हे कृत्य लाभासाठी करते, पुरुषाच्या बाबतीत ते नैसर्गिक प्रेरणेचे थोडे अनियमित समाधान असते! लाभ म्हणजे काय, तर उद्याची भाकरी. तब्बल सोळा वर्षांच्या चळवळीनंतर, आधी १८८३ मध्ये सक्तीची तपासणी थांबली आणि १८८६ मध्ये कायदे रद्द झाले.

साम्राज्याच्या छावण्यांत मात्र तेच तत्त्व आणखी नागडेपणाने चालू होते. हिंदुस्थानात १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये थांबला, १८८० मध्ये पुन्हा आला. १८८६ मध्ये, म्हणजे इंग्लंडमध्ये कायदे रद्द झाले त्याच वर्षी, येथील लष्करी मुख्यालयाने छावण्यांमध्ये गोऱ्या पलटणींसाठी पुरेशा संख्येने आणि पुरेशा आकर्षक स्त्रियांची सोय असावी, असे परिपत्रक काढले. ते उजेडात आल्यावर बटलरबाईंच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश लोकसभा हलवून सोडली आणि १८८८ मध्ये हिंदुस्थानातील कायदाही गेला. छावण्यांच्या नियमांत त्याची छाया पुढेही रेंगाळली.

विजयाच्या सावलीत

येथे थांबून केवळ जयजयकार करणे सोयीचे झाले असते. पण इतिहास तेवढा सोपा नाही. १८८५ च्या जुलैमध्ये विल्यम स्टेड या संपादकाने लंडनमधील अल्पवयीन मुलींच्या विक्रीवर खळबळजनक लेखमाला लिहिली. संतापाच्या त्या लाटेवर संमतिवय तेरावरून सोळावर नेणारा कायदा झाला. ही तरतूद आवश्यकच होती. पण त्याच कायद्याने पोलिसांना कुंटणखान्यांवर धाडी घालण्याचे व्यापक अधिकार दिले, आणि त्यातीलच एका कलमाने पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्हा ठरले. दहा वर्षांनी ऑस्कर वाइल्डला याच कलमाखाली तुरुंगात जावे लागले. ज्या खोल्यांत दोघी-तिघी मिळून निदान एकमेकींच्या आधाराने राहत, त्या बंद झाल्या. त्या स्त्रिया रस्त्यावर आणि दलालांच्या हाती गेल्या. काल पोलिसांविरुद्ध लढणारे अनेकजण आज नीतिरक्षक समित्या काढून पोलिसांच्या बरोबरीने फिरू लागले. माणसांना सक्तीने सदाचारी करू पाहणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा उतारवयात बटलरबाईंना आपल्याच सहकाऱ्यांना द्यावा लागला.

उद्धाराच्या नावाने उघडलेल्या आश्रमांचेही तेच. मॅग्डलीनच्या नावाने चालणाऱ्या या संस्थांत ‘पतितां’कडून पश्चात्ताप म्हणून लोकांचे कपडे धुऊन घेत, विनावेतन. आयर्लंडमधील अशी शेवटची धोबीशाळा १९९६ मध्ये बंद झाली आणि २०१३ मध्ये त्या देशाच्या पंतप्रधानांना संसदेत क्षमा मागावी लागली. अपुऱ्या मजुरीतून निर्माण झालेल्या प्रश्नावर बिनमजुरीचा तोडगा, अशी ही करुणा होती.

समाजवादी चळवळीने या प्रश्नाचे मूळ अचूक दाखवले. जर्मन सामाजिक लोकशाहीवाद्यांचे नेते ऑगस्ट बेबेल यांनी १८७९ मधील स्त्री आणि समाजवाद या विषयावरील ग्रंथात दाखवून दिले की भांडवली समाजाला पोलीस आणि खडे सैन्य यांच्याइतकीच वेश्यासंस्थाही लागते. निदान बिनतोड होते. पण त्यातून एक सोयीस्कर आळसही निर्माण झाला : क्रांती झाली की प्रश्न आपोआप सुटेल, तोवर या स्त्रियांची विचारपूस धर्मादाय संस्थांनी करावी. ही वृत्ती मोडून काढली इटलीच्या समाजवादी सिनेटर लीना मर्लिन यांनी. मुसोलिनीच्या राजवटीत स्थानबद्धता भोगलेल्या या शिक्षिकेने १९४८ मध्ये सरकारमान्य कुंटणखाने बंद करण्याचे विधेयक मांडले. दहा वर्षे थट्टा आणि अडवणूक सोसली आणि १९५८ मध्ये तो कायदा करून घेतला. धंद्याची परवानापद्धत संपली. त्याबरोबरच पोलिसांनी वा आरोग्यखात्याने अशा स्त्रियांची नोंद ठेवण्यासही मनाई झाली. काव्हूरच्या काळातील नोंदवही ९८ वर्षांनी मिटली. मर्लिनबाईंनी क्रांतीची वाट पाहिली नाही, आणि स्त्रीला गुन्हेगारही ठरवले नाही.

हा इतिहास कार्यकर्त्यांनी वाचावा तो युरोपला नावे ठेवण्यासाठी नव्हे. वस्तीत धाड पडते तेव्हा वृत्तपत्रांत स्त्रियांची संख्या येते, गिऱ्हाइकांची येत नाही, ही रीत येथेही परिचयाची आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले की या स्त्रियांनाही संविधानाने प्रतिष्ठा दिली आहे आणि त्यांना माणुसकीने वागवले पाहिजे. जे सांगावे लागते ते अद्याप होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून स्त्रियांच्या रक्षणाचा नवा कायदा पुढे येईल तेव्हा त्यातील करुणेची भाषा बाजूला ठेवून आधी त्याची नोंदवही तपासावी. तिच्यात कोणाचे नाव लिहिले जाणार आहे, कोणाचे वगळले जाणार आहे, आणि लेखणी कोणाच्या हातात आहे? पकडलेल्या स्त्रीला दुसऱ्या दिवशी पोटापुरते मिळवून देणारे काम त्या कायद्यात आहे की केवळ कुलूप आहे? रँसच्या गिरणीतील मुलीला उपदेशाची उणीव नव्हती. तिला चार चतुर्थांशांच्या कामाची पुरती मजुरी हवी होती. ती मिळाली असती तर पाचव्याचा प्रश्नच उरला नसता.